डिस्कवर घातलेलं नाव

स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देणाऱ्या माणसासमोर मी प्लॅस्टिकची नारिंगी डिस्क ठेवली आणि म्हणालो, "इस पे नाम डालना है."

जुन्या भोपाळातलं भांड्यांचं दुकान. पातेल्यांच्या उतरंडीमागे बसलेल्या त्या गृहस्थांनी डिस्क उलटसुलट करून पाहिली, मग सवयीने बोटाने वाजवून पाहिली. ती काही वाजली नाही.

"भाईसाब, ये तो पिलास्टिक है."

"मालूम है."

"इसमें खाओगे?"

"नहीं, फेकेंगे."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फेकना है, तो नाम काहे को डलवा रहे हो?"

प्रश्न वाजवी होता. उत्तरही माझ्याकडे होतं, पण ते परक्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. माझा माझ्या मित्रावर संशय होता.

नाव घालायचं मशीन स्टीलवर कसं मुंगीच्या चालीने टर्रर्र करत जातं. प्लॅस्टिकवर त्याची सुई रुतली. अक्षरं खोल गेली आणि प्रत्येक अक्षराच्या काठाला नारिंगी केस उभे राहिले. 'मु. वि. लिमये' एवढं झाल्यावर माझं लक्ष जरा शेजारच्या पितळी बंबाकडे गेलं, तेवढ्यात हाताच्या सवयीने त्यांनी 'सप्रेम भेंट' सुरू केलं. मी ओरडेपर्यंत 'स' होऊन गेला होता. तो 'स' अजून आहे. 'मु. वि. लिमये स'. वाचणाऱ्याला वाटावं, याला पुढे काहीतरी म्हणायचं होतं आणि मध्येच धीर सुटला.

दिवाळी उलटली, टेकडीवरचं गवत पिवळं पडलं, की मला तो 'स' आठवतो. पावसाळाभर ही टेकडी अगदी साळसूद असते. कोलार रोडच्या पलीकडे, वस्ती संपते तिथून वर चढणारी. कमरेएवढं गवत, त्यात पिवळी फुलं, कुठे दगड म्हणून दिसत नाही. मग ऊन कोरडं होतं, गवत आडवं पडतं आणि एकेक दगड डोकं वर काढतो. वाळूच्या दगडाचे तांबूस थर, कडा सुटलेल्या, हात फिरवला तर कानशीसारख्या लागणाऱ्या. गेल्या रविवारी मी वर गेलो, पायमोज्यांत कुसळं भरली, टिटवी डोक्यावरून ओरडत गेली, आणि तो सगळा हिवाळा जसाच्या तसा समोर आला. तसे त्यानंतर दोन हिवाळे गेले आहेत. पण आठवण यायची ती त्याचीच येते.

खेळ आमच्या घरात आणला सानिकाने, माझ्या मुलीने. ती नोकरीला कॅनडात. तिथे म्हणे बागांमधून, झाडीमधून ही डिस्क फेकत जातात. लांब एका खांबावर साखळ्यांची टोपली असते, कमीत कमी फेकींत डिस्क त्या टोपलीत घालायची. गोल्फसारखंच, पण काठी नाही, चेंडू नाही आणि साहेबी कपडे नाहीत. माझी साखर वाढली तेव्हा तिने येताना दोन नारिंगी डिस्क आणल्या. "एक तुमची बाबा, एक दिघेकाकांची. नुसतं चालायला सांगितलं तर तुम्ही दोघं टपरीपर्यंत जाता." आईसाठी काही नाही का, असं शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं. सानिका म्हणाली, "तुला रविवारची सकाळ दिली ना."

अरविंद दिघे हे मूळ इंदूरचे, इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांची मराठी माळव्यातली. "मी काय म्हणून राहिलो, लिमये," अशी त्यांची सुरुवात. मी सातारचा. सरकारी कारखान्यात तपासणी विभागात आहे. मराठीवरून पहिली काही वर्षं मी त्यांना सुधारत होतो आणि ते मला हसत होते. मग मी सुधारणं सोडलं. परवा सातारला भाऊ म्हणाला, "तू हल्ली 'येऊन राहिलोय' म्हणायला लागलास." भोपाळात मराठी माणसं पुष्कळ. गणपती आहे, कोजागरी आहे, हळदीकुंकू आहे, बोलायला माणसं कमी नाहीत. पण शेजारी बसून अर्धा तास एक शब्द न बोलता बरं वाटेल असा माणूस मला या गावात एकच मिळाला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मी डिस्क बघत होतो.

टोपल्या आम्ही जुन्या कूलरच्या स्टँडांवर साखळ्या बांधून केल्या आणि टेकडीवर जागोजागी नेऊन ठेवल्या. पहिल्या महिन्यात सगळ्यांना आमचा संशय आला. गुरं राखणारा म्हणाला, जमिनीची मोजणी करायला आलेत. सकाळी गाडीने टेकडीच्या पायथ्याशी फिरायला येणारे, चार इमली या साहेबांच्या वस्तीतले एक निवृत्त अधिकारी बराच वेळ पाहून म्हणाले, "आप लोगों के पास परमिशन है?" दिघे म्हणाले, "सर, फेंकने की या उठाने की?" साहेबांनी त्यावर विचार केला आणि निघून गेले. बहुधा कुठल्या खात्याचा प्रश्न आहे ते त्यांना ठरवता येईना.

सानिकाने पाठवलेल्या व्हिडिओत तिथलं मैदान म्हणजे गालिचा. डिस्क पडते ती पाहुण्यासारखी, अलगद. आमच्याकडे ती आपटायची, उसळायची, दगडावरून खरवडत जायची, ते ऐकून दातांतून कळ यायची. चौथ्या टोपलीच्या अलीकडे एक भला मोठा दगड आहे. त्याला आम्ही 'बडे बाबू' म्हणतो, कारण त्याला टाळून काहीही पुढे सरकत नाही. बडे बाबूंवर आपटली की डिस्कच्या कडेला खोच पडते. खोचेच्या भोवती प्लॅस्टिकचा बारीक कंगोरा उभा राहतो आणि पुढच्या फेकीला तो बोटाला चावतो. मग घरी आल्यावर गॅलरीत बसून ती कड बारीक पॉलिश पेपरने घासायची, खोच भरत नाही पण कंगोरा जातो, साबणाच्या पाण्याने धुवायची, उन्हात न ठेवता सावलीत वाळवायची. शैला म्हणायची, "घरातल्या कढईला एवढे लाड मिळाले असते तर तिला कंठ फुटला असता."

सगळं करूनही डिस्क झिजते. आणि झिजली की तिचा स्वभाव बदलतो, हे आम्हाला हळूहळू कळत होतं. कोरी डिस्क हट्टी असते. उजव्या हाताने फेकली की जाते सरळ आणि शेवटी डावीकडे वळून बसते. कड घासली गेली की तिचा तो हट्ट मोडतो आणि ती उजवीकडे कलायला लागते. हे ज्ञान अर्धवट होतं, आणि अर्धवट ज्ञानावर माझ्यासारखा माणूस किती मोठी इमारत बांधू शकतो, हे त्या हिवाळ्यात दिसलं.

सानिकाने बजावलं होतं, नाव आतल्या बाजूला लिहा. आम्ही मार्करने वर लिहिलं, ठळक, चार लोकांना दिसेल असं. दिवाळीपर्यंत बडे बाबूंनी दोन्ही नावं पुसून टाकली. आता दोन नारिंगी डिस्क, दोन्ही सारख्याच खरवडलेल्या, एकाच कापडी पिशवीत. पिशवी एका रविवारी त्यांच्या घरी जायची, एका रविवारी माझ्या. टेकडीवर पोचलो की दिघे पिशवीत हात घालायचे, एक मला द्यायचे, एक स्वतः घ्यायचे. माझी उजवीकडे घाणेरीच्या झुडपांत जायची. त्यांची सरळ.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. पिशवीत हात नेहमी हेच का घालतात?

एकदा संशय आला की माणसाला किती काय काय दिसायला लागतं. दिघे डिस्क हातात घेतल्यावर तिच्या कडेवरून अंगठा फिरवतात, हे मी वर्षभर पाहत होतो. आता त्याचा अर्थ लागला. फेकण्याआधी ते माझ्याकडे बघून हसत. का हसत? माझी डिस्क झुडपात गेली की "अरेरे" म्हणत, पण त्या 'अरेरे'त दुःख पुरेसं नव्हतं. तपासणी विभागात आम्हाला शिकवलेलंच आहे की माल चांगला दिसतो म्हणून पास करायचा नाही. मला पगार संशय घेण्याचाच मिळतो. तो रविवारीही चालू राहिला, एवढंच.

मग एका रविवारी पिशवी माझ्याकडे आली. मी गॅलरीत सतरंजी पसरली, व्हर्नियर कॅलिपर काढला आणि दोन्ही डिस्कच्या कडा जागोजागी मोजल्या. भिंग लावून खोचा पाहिल्या. शैला मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "पोस्टमॉर्टेम झालं की हात धुवून या." तपासणीअंती सिद्ध झालं की कमी झिजलेली डिस्क माझी. निकाल माझ्या बाजूने लागला यात नवल नाही. तपासनीस मीच होतो, तक्रारदार मीच आणि आरोपी गैरहजर.

यापुढे अदलाबदल नको म्हणून मी ती घेऊन भांड्यांच्या दुकानात गेलो.

नाव घालणं हे आमच्या रक्तात आहे. घरात पळीपासून पिंपापर्यंत प्रत्येक वस्तूवर कोणाचं ना कोणाचं नाव आहे. काहींवर तर लग्नाला न आलेल्या नातेवाइकांचं आहे. सातारहून सामान घेऊन आलो तेव्हा ट्रकमधून उतरलेल्या भांड्यांवरची नावं वाचून शैलाचा जीव परक्या गावात थोडा खाली बसला होता. शेजारी गेलेली वाटी नावानिशी परत येते. डबा हरवला तरी गाव त्याला घरी पोचवतं. ज्यावर नाव, ते आपलं. या कायद्यावर अपील नाही. फक्त भांडं पहिल्या दिवशीच, कोरं असताना नाव घालतात. वापरून झिजल्यावर, दोन घरांच्या पिशवीत फिरून आल्यावर नाही. तेवढं माझ्या लक्षात राहिलं नाही.

पुढच्या रविवारी टेकडीवर मीच पिशवीत हात घातला. साधी डिस्क त्यांना दिली, नावाची स्वतः घेतली. दिघ्यांनी ती माझ्या हातातून सहज घेतली, उलटी केली आणि वाचली. बराच वेळ वाचली.

"हा 'स' काय आहे?" त्यांनी विचारलं.

"चुकून पडला."

"अच्छा." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "लिमये, ही माझी आहे. हा खरचटा बघा, इथे. बगळ्याच्या मानेसारखा. हा मी रोज बघून राहिलो."

"मी मोजून पाहिलंय, दिघे."

"काय मोजलं?"

"कड."

ते डिस्ककडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही घरी बसून माझी चोरी मोजली?"

मी म्हणालो, चोरी कोण म्हणालं. ते म्हणाले, कोणी म्हणालं नाही, खोदून आणलं. डिस्क त्यांनी मला परत दिली, दोन हातांनी, आहेर द्यावा तशी. दुसरी बगलेत मारली आणि टेकडी उतरून गेले. मी त्यांना हाक मारली नाही. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते सांगतो. मनात आलं, खरा माणूस एवढ्या लवकर रागावतो का?

त्या दिवशी मी एकटाच खेळलो. माझ्या नावाची, मोजून सिद्ध केलेली, चांगली डिस्क मी सगळा जोर लावून फेकली. ती उजवीकडे घाणेरीत गेली.

म्हणजे मी मोजायच्या आधीच त्यांनी काहीतरी केलं असणार.

पुढचे रविवार असेच गेले. सकाळी तलावाकडून धुकं यायचं, टेकडीवर माझ्याशिवाय कोणी नसायचं, आणि एकट्याने या खेळात किती दमायला होतं ते कळायचं. दोघं असले की एक जण पुढे जाऊन उभा राहतो, डिस्क कुठे पडली ते बघतो. एकटा माणूस फेकतो आणि मग शोधतो. निम्मा वेळ दगडांच्या फटींत काठी घालण्यात. हळूहळू मला सगळ्याचाच संशय यायला लागला. दूधवाला पाणी घालतो. कारखान्यातला शेजारच्या टेबलावरचा माणूस मला पाहून फोन ठेवतो. शैला फोनवर हळू आवाजात बोलते आणि मी आलो की मटारचे भाव विचारते. कोणाशी बोलत होतीस, म्हटलं तर म्हणे, "माझ्या चोरांच्या टोळीशी."

बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात ते एकदा दिसलेच. हिवाळ्यातला तो बाजार म्हणजे हिरव्या वासाचा. मेथी, कोथिंबीर, मटाराचे ढीग, ओले शिंगाडे. आम्ही चौघं एकाच ढिगासमोर आलो. शैला आणि दिघेवहिनी ताबडतोब एकमेकींच्या पिशव्यांत डोकावून बोलायला लागल्या. मी मटाराची एकेक शेंग तपासू लागलो. दिघ्यांनी पलीकडून तेच सुरू केलं. आम्ही दोघांनी एवढ्या बारकाईने मटार आयुष्यात कधी निवडला नव्हता.

दिघे भाजीवाल्याला म्हणाले, "भैया, अपना झोला सम्हाल के रखना. यहाँ लोग दूसरे का उठाके अपना नाम डाल लेते हैं."

भाजीवाला म्हणाला, "अरे नहीं साब, अपने यहाँ सब शरीफ आते हैं."

मी त्याला म्हणालो, "हाँ, पर कुछ लोग झोले में हाथ पहले डालते हैं."

भाजीवाल्याने आमच्या दोघांकडे पाहिलं, तराजू उचलला आणि विचारलं, "तो मटर किसको देना है?" दोघांनीही घेतला नाही. तो नंतर शैलाने घेतला, आणि घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. जिन्यात म्हणाली, "वहिनी सांगत होत्या, भाऊजी हल्ली रविवारी दुपारी झोपतात. दुपारी. सकाळी कुठे जातात विचारलं तर सांगत नाहीत."

मला वाटलं, बघा, लपवतायत.

ते सकाळी कुठे जातात ते मला संक्रांतीनंतरच्या एका रविवारी दिसलं. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा तासभर लवकर निघालो होतो, आणि नेहमीच्या वाटेवर गुरं बसली होती म्हणून वरच्या अंगाने, पलीकडून आलो. धुकं निघत होतं. खाली दगडांमध्ये दिघे होते, एकटेच, हातात काठी. घाणेरी बाजूला करून बघत, वाकत, पुन्हा उभे राहत. त्यांची डिस्क हरवली होती.

मला वरून ती दिसत होती. दोन दगडांच्या फटीत उभी, नारिंगी कड तेवढी वर. खालून दिसणं शक्य नव्हतं.

मी तिथेच थांबलो. पहिला विचार आला, शोधू दे. दुसरा त्याहून वाईट आला, की हा माणूस मी येणार हे जाणून शोधण्याचं सोंग करतोय. मी त्या सोंगाकडे बघत राहिलो. दिघ्यांनी गुडघा चोळला. एका दगडावर बसले, मफलर काढून मांडीवर ठेवला आणि नुसते समोर बघायला लागले. शोधत नव्हते. उठायच्या बेतातही नव्हते. कोणी नसताना माणूस जसा बसतो तसे बसले होते. सोंग असं नसतं. आणि मला पटकन वाटलं, हा माणूस आता उठून घरी गेला तर पुन्हा या टेकडीवर येणार नाही.

"बडे बाबूंच्या मागे," मी वरून म्हणालो. "डावीकडे."

त्यांनी मान वर केली नाही. "माझ्या डावीकडे की तुमच्या?"

"तुमच्या."

"फटीत आहे काय?"

"फटीत."

ते उठले, काठीने डिस्क ओढून काढली, पँटला पुसली. मग म्हणाले, "आता वरूनच पत्ते सांगून राहणार, की खाली येणार?"

मी उतरलो. बराच वेळ दोघंही कुसळं काढत बसलो. मग मी विचारलं, त्यांची कशी जाते.

"सरळ."

"माझी उजवीकडे जाते."

"नाव घातलेली?"

"तीच."

"मग ही घ्या," त्यांनी आपली डिस्क माझ्यापुढे धरली. "फेका. एकदाचं होऊन जाऊ दे."

मी त्यांची घेतली, त्यांनी माझी. मी पाय रोवले, सगळं अंग वळवून, खांद्यातून जोर काढून फेकली. त्यांच्या हातून सरळ जाणारी ती डिस्क थोडी सरळ गेली, मग उजवीकडे कलली आणि घाणेरीत शिरली.

दिघ्यांनी काठी दगडाला टेकवून ठेवली. पुढे आले, माझी डिस्क हातात धरली, अंगठा 'स'वर आला असावा, थोडे थबकले. मग शेजाऱ्याच्या गॅलरीत पेपर टाकावा तशी, काही घाई नसलेली, एक आळशी फेक. डिस्क सरळ गेली. टोपलीपर्यंत पोचली नाही, अलीकडेच बसली, पण सरळ.

माझी नजर आपोआप त्यांच्या हातांकडे गेली. त्यांनी मध्येच बदलली नाही ना. मग मलाच माझी लाज वाटली, पण नजर गेली ती गेलीच.

"तुम्ही रागाने फेकता," दिघे म्हणाले.

"मी कुठे रागावलोय?"

"दिवाळीपासून. हातात दिसून राहिलं."

मी घाणेरीत जाऊन डिस्क काढून आणली. मनगटावर ओरखडे घेऊन आलो. आणि त्यांच्यासारखी, अर्ध्या जोराने फेकली. ती हलकेच सरळ गेली आणि जवळच पडली. इतक्या जवळ, की चारचौघांत मी ती माझी म्हणून सांगितली नसती. पण सरळ.

दोन्ही डिस्क सारख्याच झिजलेल्या होत्या. झिजलेल्या कडेला जोर सोसत नाही, एवढंच. मला संशय आला म्हणून मी जोरात फेकत होतो, जोरात फेकली म्हणून ती कलत होती, कलली म्हणून संशय वाढत होता. कारखान्यात असा दोष कोणी माझ्यापुढे आणला असता तर मी एका दिवसात सांगितलं असतं, माल ठीक आहे, चालवणारा बदला. इथे चालवणारा मीच असल्याने तपासणीत तो रकाना भरायचा राहून गेला.

बगळ्याच्या मानेसारखा खरचटा दोन्ही डिस्कवर निघाला. बडे बाबू सगळ्यांवर सारखीच सही करतात. कोणती कोणाची, हे आम्हाला त्या दिवशीही ठरवता आलं नाही. आजही नाही. उरलेला खेळ आम्ही जी हातात येईल ती फेकत खेळलो. एक पुढे जाऊन उभा राहायचा, दुसरा फेकायचा. "आली, आली, उजवीकडे, थांबा, इथेच आहे." त्या हिवाळ्यात मला बोलायचं नव्हतंच फार. एवढंच कोणाकडून तरी ऐकायचं होतं, की इथेच आहे.

उतरताना दिघे त्यांच्या शाळेतलं काहीतरी सांगत होते, मी हूं हूं करत होतो. आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी ते थांबले. वर या, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण मध्ये इतके रविवार पडले होते की शब्द सापडेना. त्यांनाही बहुधा सापडला नाही. "चलतो मग," ते म्हणाले आणि मफलर गुंडाळत चौकाकडे निघाले.

मी वर आलो. शैला स्वयंपाकघरात होती, कढीपत्त्याचा वास जिन्यातच आला होता. मी दारातूनच सगळं सांगितलं. घाईघाईने, थोडं स्वतःवर हसत, थोडं शास्त्रीय करून. झिजलेली कड, जोर, हळू फेकायची कशी, मी केवढं मोठं ज्ञान मिळवून आलो. ती पोहे हलवत ऐकत होती. मग तिने गॅस बारीक केला आणि माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"भाऊजी कुठायत?"

"गेले घरी."

"घरी कोण आहे त्यांच्या? वहिनी इथे आत बसल्यात मघापासून, तुम्ही दोघं येताना गॅलरीतून दिसलात म्हणून पोहे चौघांचे भिजवलेत." तिने झाकण ठेवलं. "गॅलरीत जा. डिस्क काय फेकायची ती हळू फेका, हाक मात्र जोरात मारा. चौक ओलांडला असेल त्यांनी."